टेबलावरचे घोडे

तेहतीस वर्षे मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. कॉलेज धुळ्यातले; पण त्याचे नाव मी येथे देत नाही. पुढे जी चूक मी कबूल करणार आहे ती माझी एकट्याची आहे, आणि नाव छापले की लोक माणसाला सोडून इमारतीकडे बोट दाखवू लागतात. इमारत बिचारी उत्तर देऊ शकत नाही!

ग्रंथपाल म्हटला की लोकांना वाटते, हा गृहस्थ दिवसभर पुस्तके वाचत असेल. आमच्या सौभाग्यवतींचीही लग्नापूर्वी अशीच समजूत होती. प्रत्यक्षात ग्रंथपाल पुस्तके वाचत नाही, मोजतो. किती आली, किती हरवली, कितींना वाळवी लागली, आणि प्राध्यापकांच्या घरी किती कायमची मुक्कामाला गेली, याचा हिशेब मार्चअखेर जुळवता जुळवता त्याचे केस पांढरे होतात. उरलेल्या वेळात तो "शांतता राखा" असे ओरडून स्वतःच शांतता मोडतो.

२०१४ साली मी निवृत्त झालो, तेव्हा कॉलेजची पायरी पुन्हा चढायची नाही असे ठरवले होते. निवृत्त माणूस जुन्या कचेरीत गेला की त्याला चहा मिळतो, पण खुर्ची मिळत नाही. परंतु गेल्या वर्षी प्राचार्यांचा फोन आला. "अभ्यासिकेचे नूतनीकरण करायचे आहे. समिती नेमली आहे. तुमच्यासारखे जुने जाणते हवेत." जुना जाणता म्हणजे ज्याला मानधन द्यावे लागत नाही असा माणूस, हे या वयात मला कळते. तरी गेलो.

अभ्यासिका तशीच होती. लांबलचक दालन, गळके छप्पर, भिंतींवर देणगीदारांच्या तसबिरी, आणि खाली माना घालून बसलेली मुले. एवढे मात्र खरे की माझ्या वेळी मुले परीक्षेच्या आधी पंधरा दिवस येत. आता स्पर्धा-परीक्षांमुळे बारा महिने पहाटे सहापासून जागा धरून बसतात. निम्मी मुले सातपुड्यातली आणि साक्री-नवापूरकडची. शहरातल्या मुलाला घरी एखादी खोली मिळते. पाड्यावरून आलेल्या मुलाला या दालनावाचून दुसरी खोली नसते.

समितीत छपराचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला, दिव्यांचा पाच मिनिटांत. वाद झाला तो भिंतीचा. काँट्रॅक्टरने नमुन्यांचे पुस्तक उघडले. त्यात एक वारलीची नक्षी छापलेला कागद होता. गेरूच्या रंगावर पांढरी माणसे, गोल फेर धरून नाचणारी. "भिंतभर लावू. आदिवासी विद्यार्थी पुष्कळ आहेत ना तुमच्याकडे? त्यांनाही बरे वाटेल." सगळ्यांना ते पटले. मलाही पटले. इतकेच नव्हे तर "ग्रंथालयात आपल्या आदिवासी कलेला स्थान मिळालेच पाहिजे," असे दोन मिनिटांचे भाषणही मी केले आणि टाळ्या मिळवल्या.

बाहेर व्हरांड्यात एक मुलगी उभी होती. धडगावकडची, पावरा समाजातली, एम.ए.ला शिकणारी. नमुन्याचे पान माझ्या हातात होते. मी मोठ्या उत्साहाने तिला ते दाखवले.

"छान आहे, सर," ती म्हणाली. आणि थोडे थांबून म्हणाली, "पण हे आमचं नाही."

"म्हणजे?"

"हे वारल्यांचं आहे. डहाणूकडचं. आमच्या घरी असं काढत नाहीत."

माझा चेहरा पडला असावा, कारण तीच मला धीर देत म्हणाली, "राहू द्या, सर. सगळीकडे हेच लावतात."

वाचकहो, ती काही चुकीचे बोलली नव्हती. वारल्यांची चित्रे ही वारल्यांच्या घरची. डहाणू-जव्हारच्या बाजूला लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवी बसवतात. आणि परंपरेने हे काम सवाष्ण बायकांचे. त्याशिवाय लग्न लागत नाही. १९७० नंतर ही चित्रे कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. एवढी मोठी कला. पण आम्ही शहरी माणसांनी तिचा शिक्का करून टाकला. आदिवासी म्हटले की मारा वारली! बिस्किटाच्या डब्यावर, कुर्त्यावर, पुलाच्या खांबावर. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित हे सगळे आपल्याच तीन जिल्ह्यांतले लोक. त्यांच्या घरी काय काढतात, हे विचारण्याची गरज आम्हाला वाटली नाही. उद्या एखाद्याने जळगावच्या माणसाच्या स्वागताला तळलेला बोंबील वाढला आणि "तुम्ही महाराष्ट्रातलेच ना?" असे म्हटले, तर कसे वाटेल? त्यातलाच हा प्रकार.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण ती मुलगी नव्हती. कारण एक टेबल होते.

१९८६ सालची गोष्ट. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. तो १९९८ च्या जुलैत झाला. अक्राणी, अक्कलकुवा हे तालुके धुळे जिल्ह्यातच होते. खानदेशचे स्वतःचे विद्यापीठही नव्हते. आमच्या परीक्षा पुणे विद्यापीठ घेई. म्हणजे धडगावकडच्या मुलाने एस.टी.त दिवसभर हाडे खिळखिळी करून धुळ्याला यायचे, आणि त्याच्या उत्तरपत्रिकेने तिथून पुण्याला जायचे.

त्या वर्षी सातपुड्यातला एक मुलगा बी.ए.च्या पहिल्या वर्गात आला. वसतिगृहात राही. कोणाशी फारसे बोलत नसे. अभ्यासिकेत कोपऱ्यातल्या सात नंबरच्या टेबलाशी बसे. एका दुपारी फेरी मारताना मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. तो लिहीत नव्हता. टेबलाच्या कडेने निळ्या बॉलपेनने त्याने घोडे काढले होते. एकामागे एक, रांगेत. माना उंच, पोटे बारीक, आणि अंगभर ठिपक्यांच्या ओळी. अकरा घोडे मी मोजले. बाराव्याला डोके नव्हते. तेवढ्यात मी पोचलो होतो.

"हे काय?"

"घोडे, सर."

"ते मलाही दिसताहेत!"

सगळी अभ्यासिका हसली. शांतता राखण्यासाठी नेमलेल्या माणसाने तो हशा पिकवला होता. आणि खरे सांगायचे तर मला तो आवडला.

"सर, पुसून देतो," असे म्हणून त्याने शर्टाची बाही ओली केली आणि घासू लागला. सागवानावरचे बॉलपेन बाहीने जात नाही. मी त्याचे वाचनालयाचे कार्ड महिनाभरासाठी काढून घेतले आणि पंचवीस रुपये दंड केला. वसतिगृहातल्या मुलाला त्या वेळी पंचवीस रुपये म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्याने आधी दहा भरले, मग दहा भरले. दिवाळीची सुट्टी लागली, तो गावी गेला, आणि परत आला नाही.

मुले कॉलेज सोडतात त्याला शंभर कारणे असतात. घरचे आजारपण, शेतीची कामे, इंग्रजीचा पेपर. माझ्यामुळेच तो गेला, असे मी म्हणत नाही. पण त्याने परत यावे असे एकही कारण मी त्याला दिले नाही, एवढे मात्र मला म्हणता येते. दंडाच्या वहीत त्याच्या नावापुढे "येणे रु. ५" असे राहिले. दर मार्चमध्ये मी ते पुढच्या पानावर ओढत होतो. हिशेबाचा मी फार काटेकोर!

ते घोडे काय होते, हे मला कळायला सतरा वर्षे लागली. २००३ साली आम्ही उभयता भोपाळला गेलो होतो. श्यामला टेकडीवर मानव संग्रहालय आहे. तेथे आदिवासींची घरे उभी केली आहेत. एका घराच्या ओसरीत शिरलो आणि समोरच्या भिंतीवर तेच घोडे! रांगेत, उंच मानेचे, ठिपक्यांचे.

"अहो, काय झालं? पाय दुखतात का?" सौभाग्यवतींनी विचारले.

"हो," मी म्हणालो.

त्या चित्राला पिथोरा म्हणतात. छोटा उदेपूर-अलीराजपूरच्या बाजूला राठवा, भिल्ल, भिलाला यांच्या घरी ते काढतात. नर्मदा ओलांडली की आपल्या सातपुड्याला तो मुलूख लागूनच आहे. घरात आजारपण आले, गुरे मरू लागली, पीक बुडाले की घरधनी मानता बोलतो. ती फेडायची म्हणजे ओसरीची भिंत सारवून तिच्यावर देवांचे घोडे काढायचे. काढणारा लखारा वेगळा, आणि चित्र नीट उतरले की नाही ते पाहणारा बडवा वेगळा. ते सजावटीचे चित्र नव्हे; तो फेडलेला नवस असतो. माझ्या टेबलाशी बसलेला तो मुलगा कोणता नवस मनात धरून बसला होता? घरी कोण आजारी होते? मी विचारले नव्हते. मी फक्त मोजले होते. अकरा आणि एक बिनडोक्याचा.

त्याच टेकडीवर जवळच भारत भवन आहे. ते १९८२ साली उघडले. त्याच्या बांधकामावर झाबुआकडची एक भिल्ल बाई मजुरी करत होती. तिचे नाव भुरीबाई. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तिला आणि तिच्याबरोबरच्या बायकांना विचारले, तुम्ही घरी भिंतीवर काय काढता? आणि कागद-रंग पुढे ठेवले. त्या भुरीबाईंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्या दशकात भोपाळला एकाने विटा वाहणाऱ्या बाईला कागद दिला, त्याच दशकात धुळ्याला दुसऱ्याने चित्र काढणाऱ्या मुलाला दंड केला. दोघेही आपापल्या कामात प्रामाणिक होते. एकाने विचारले, दुसऱ्याने विचारले नाही; फरक एवढाच.

परत आल्यावर मी माझ्या कपाटांकडे नव्या डोळ्यांनी पाहिले. आमची पुस्तके ड्यूई या अमेरिकन गृहस्थाच्या पद्धतीने आकड्यांवर लावलेली असतात. कलेची पुस्तके ७०० च्या घरात. तेथे अजिंठा होता, मोगल चित्रे होती, युरोपातले चित्रकार होते. आणि भिल्लांची पुस्तके? जुन्या आवृत्त्यांत ५७२ हा आकडा मानववंशांसाठी असे. त्यामुळे ती विज्ञानाच्या कपाटात गेली होती. डावीकडे जीवाश्म, उजवीकडे वनस्पती. माणसे होती, पण माणसांच्या कपाटात नव्हती! पुढच्या आवृत्तीत तो आकडा बदलला. पण ती पुस्तके त्या कपाटात मी स्वतःच्या हाताने लावली होती.

नमुन्याच्या कागदावर मी टाळ्या घेतल्या त्या रात्री हे सगळे आठवत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या पुतण्याला फोन केला. तो कॅनडात व्हँकुव्हरला असतो. तिकडे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तेथल्या मूळ रहिवाशांचे एक स्वतंत्र ग्रंथालय १९९३ पासून आहे, असे मी वाचले होते. तो जाऊन पाहून आला. त्या ग्रंथालयाच्या नावाचा अर्थ स्क्वामिश भाषेत 'प्रतिध्वनी' असा आहे. तेथे पुस्तके ड्यूईच्या आकड्यांवर लावत नाहीत. ब्रायन डीअर नावाच्या मोहॉक ग्रंथपालाने आखलेल्या पद्धतीवर लावतात. तीत ज्या जमाती मुलखाने शेजारी त्यांची पुस्तकेही शेजारी. पुतण्या म्हणाला, "काका, मला सर्वांत आवडलं ते हे, की शेजारी शेजाऱ्याजवळच ठेवला आहे." मी फोन ठेवला आणि मनाशी म्हटले, आपल्याकडे तर शेजाऱ्याचे नावच विचारायचे राहिले आहे.

पुढच्या आठवड्यात चाळीसगावला एक मुंज होती. तिथून आम्ही पाटणादेवीला गेलो. खानदेशातल्या माणसाने आयुष्यात एकदा तरी पाटण पाहावे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तेथे एक मठ स्थापन केला. कशासाठी? तर आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून! १२०७ सालचा शिलालेख तेथे सापडला आहे. निकुंभ घराण्याच्या सोइदेव आणि हेमाडीदेव या राजांनी त्या मठाला उत्पन्न लावून दिले. बाजारातल्या धान्याचा आणि घाण्याच्या तेलाचा वाटा दिला. लेखाचा तो भाग जुन्या मराठीत आहे. अभ्यास करायचा तर दिव्याला तेल लागते, हे त्या लोकांना आमच्या समितीपेक्षा लवकर समजले होते. ही आमची आठशे वर्षांपूर्वीची अभ्यासिका.

आणि त्याच पाटणे गावात, १९७२-७३ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याचे एस. ए. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला. एके काळी शहामृग आपल्याकडे होते. त्या तुकड्यावर कोणीतरी समांतर रेषांच्या पट्टीत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा कोरल्या आहेत. वय सुमारे पंचवीस हजार वर्षे! भारतात सापडलेल्या अगदी जुन्या कलावस्तूंत त्याची गणना होते. डोंगराच्या पायथ्याशी उभा राहून मी विचार करू लागलो. ज्या गावात आमची जुनी अभ्यासिका, त्याच गावात आमचे सर्वांत जुने रेखाटन. अक्षर येण्यापूर्वी कितीतरी आधी येथे रेघ आली होती. मग अक्षराच्या घरात रेघेला दंड करणारा मी कोण?

समितीची पुढची बैठक मीच मागून घेतली. म्हटले, छापील कागद नको. भिंत कोरी ठेवा. आधी मुलांना विचारू.

मुलांना विचारणे म्हणजे काय, हे मला वयाच्या सत्तरीत शिकावे लागले. मी त्या धडगावच्या मुलीला म्हणालो, "बाळ, तुम्ही लोक इथं पिथोरा काढा. घोडे काढा. सगळा खर्च कॉलेज करील." मला वाटले, ती आनंदाने उडी मारील. तिने मान हलवली.

"माझ्या आईचं माहेर नर्मदेपलीकडे आहे, सर. तिथं मानतेचे घोडे काढतात. रात्रभर गायना चालते. ते इथं नाही काढता येणार. देवाला बोलवायचं, भिंतीवर बसवायचं, आणि त्याच्यासमोर आपण एमपीएससीचे पेपर सोडवायचे?"

मला हसू आले आणि लाजही वाटली. आधी दुसऱ्याची वस्तू त्यांची म्हणून लावायला निघालो होतो; आता त्यांची स्वतःची वस्तू, पण देवघरातली, उचलून बैठकीत मांडायला निघालो होतो. आपल्या देवघरातले टाक कोणी शोभेला मागितले तर आपण देऊ का?

"मग इथं काय शोभेल?" मी विचारले. हा माझा पहिला खरा प्रश्न.

ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "माझ्या आजीच्या हातावर पुष्कळ गोंदलेलं आहे. ते काढून आणू?"

असे ते सुरू झाले. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही कोरे कागद दिले. आजीच्या, आत्याच्या, शेजारच्या म्हातारीच्या अंगावरचे गोंदण तिला विचारून उतरवून आणायचे, आणि खाली गावाचे नाव लिहायचे. कागद परत आले तेव्हा माझा विश्वास बसेना. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल. ठिपके, त्रिकोण, विंचू, झाड, फुली, चौकडी. आणि केवळ आदिवासी मुलांनीच आणले असे नाही. भिल्ल, पावरा, कोकणा यांच्याबरोबर लेवा, कुणबी, कोळी, बंजारा मुलांनीही आणले. आज्या सगळ्यांच्याच होत्या.

कागद लावण्याचे काम आमच्या घरीच चालले होते. चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवती एका कागदाशी थबकल्या. "अहो, ही तर आमच्या आजीची तुळस!" त्यांचे माहेर जळगावजवळचे. आजी गेली तेव्हा त्या सात वर्षांच्या. कागद चोपड्याकडच्या एका भिल्ल म्हातारीच्या हातावरचा होता. धडगावची मुलगी म्हणाली, "आमच्यात हिला वेगळं नाव आहे, काकू." मग दोघी जणी खाली बसल्या त्या बसल्याच. माझा चहा थंड झाला. त्या कागदांत एक चौकड्यांची पट्टीही होती. पाटण्याच्या त्या कवचावरच्या रेषांची आठवण व्हावी अशी. पंचवीस हजार वर्षांचा धागा जोडण्याची घाई मला करायची नाही. तिरपी रेघ कोणीही ओढील. पण दोन्ही रेघा खानदेशातल्या हातांनी ओढल्या होत्या, एवढे खरे.

समितीत एक सद्गृहस्थ म्हणाले, "गोंदण? त्यात कला ती काय? अडाणी बायकांचे खूळ! लोक म्हणतील, विद्येच्या मंदिरात हे काय लावले?"

मी म्हणालो, "आपले कॉलेज कोणत्या विद्यापीठाचे?"

ते गप्प झाले. १९९० च्या स्वातंत्र्यदिनी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. असोद्याची ही लेक. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर गाणी रचत राहिली. ती १९५१ साली गेली. मुलगा सोपानदेव यांच्यापाशी उतरवून ठेवलेली गाणी होती, ती आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. कोणीतरी वेळेवर कागद काढला म्हणून खानदेशला बहिणाबाई मिळाली. ज्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर निरक्षर बाईचे नाव आहे, त्याच्या अभ्यासिकेत निरक्षर आज्यांच्या हातावरच्या रेघा लावायला लाज कसली? गृहस्थ म्हणाले, "तसे म्हटले तर ठीक आहे." सरकारी कागदावर यालाच एकमताने मंजूर म्हणतात.

अभ्यासिका या जूनमध्ये उघडली. छप्पर गळत नाही. प्रत्येक जागेपाशी दिवा आहे, मोबाईलला वीज आहे. देणगीदारांच्या तसबिरी आहेत. त्यांनी पैसे दिले होते, त्यांना का काढायचे? पण समोरच्या भिंतीवर चौकटींत ते कागद आहेत, खाली गावांची नावे आहेत, आणि ज्या गावांचा शेजार आहे ती गावे शेजारीच लावली आहेत. पहिल्या दिवशी मी मागे बसून पाहत होतो. नवापूरकडचा एक मुलगा आत आला, भिंतीवर स्वतःच्या गावाचे नाव वाचले, आणि घरच्या ओसरीत टाकावी तशी पिशवी टाकून बसला. एवढे पाहायलाच मी गेलो होतो.

आता टेबलाची गोष्ट तेवढी राहिली.

जुने फर्निचर निघत होते तेव्हा शिपाई माझ्याकडे आला. "आप्पा, हाई टेबल भंगारमा जाई ऱ्हायनं." पाहतो तर सात नंबर! पाय तेच, कोपऱ्यावरचा पत्र्याचा आकडा तोच. वर मात्र गुळगुळीत सनमायका. १९९४ साली अनुदान आले तेव्हा सगळ्या टेबलांना तो बसवला होता, आणि त्या बिलावर सही माझीच होती. मिस्त्रीला विचारले, हा काढता येईल का? तो म्हणाला, "काढता येईल, पण सरसासकट लाकडाचा पापुद्रा निघेल. खाली काय असेल ते राहायचे नाही."

त्या मुलीला मी पहिल्यांदाच सगळी हकीकत सांगितली. दंडासकट, हशासकट, पाच रुपयांच्या येण्यासकट. ती ऐकत राहिली. मग टेबलावर हात ठेवून म्हणाली, "असू द्या, सर. आत आहेत ना."

टेबल ठेवले. नव्या खुर्च्यांच्या रांगेत ते विजोड दिसते. काँट्रॅक्टर नाराज आहे. प्राचार्यांनी विचारले, "तुमच्या वेळची 'टेबलावर लिहू अथवा रेखाटू नये' ही पाटी पुन्हा लावायची ना?" मी म्हणालो, "लावा. टेबल कॉलेजचे आहे." पण त्या पाटीखाली, सात नंबरच्या टेबलावर, कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणि चार पेनेही असावीत अशी अट घातली. पहिला गठ्ठा मी माझ्या पैशांनी आणला. दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा मनात म्हटले, पाच रुपयांवर एवढे व्याज काही फार नाही.

गठ्ठा महिनाभरसुद्धा पुरत नाही. निम्मे कागद मुले गणिते करण्यात घालवतात. घालवू देत. उरलेल्यांवर काय काढतात, ते मी मोजत नाही.